हाताळल्यानंतर फिंच (पाळीव छोटे पक्षी) गप्प बसलेत, सावरायला काय करावं? दुसरा डोसही द्यायचाय (पुणे)

कर्वेनगरवासी

तीन फूट लांब, दीड फूट खोल आणि दीड फूट उंच पिंजऱ्यात झेब्रा फिंचची एक जोडी आणि गोल्डियन फिंचची एक जोडी आहे. गोल्डियन नराच्या श्वासातून रात्री बारीक टिकटिक ऐकू येत होती. डॉक्टरांना श्वासनलिकेतल्या माइट्सचा (बारीक परजीवी किड्यांचा) संशय आहे. चौघांनाही मानेमागच्या कातडीवर औषधाचा एकेक थेंब द्यायला त्यांनी सांगितलं. पहिला डोस आज सकाळी अकराला दिला, त्याच वेळी झेब्रा मादीची वाढलेली नखं कापली. दुसरा डोस १४ दिवसांनी, म्हणजे परत पकडणं आलंच.

आत्ता दुपारचा एक वाजलाय. झेब्रा नर लगेच दाण्यावर आला, तो ठीक दिसतोय. झेब्रा मादीची शेपटीची पिसं पकडतानाच गळली. ती खालच्या दांडीवर पिसं फुगवून बसलीये, मध्येच दाणा टिपते. गोल्डियन मादी वरच्या कोपऱ्यात गप्प आहे. गोल्डियन नर बसलेला असताना चोच बंद ठेवतो, पण शेपटी प्रत्येक श्वासाला खालीवर होते. एका दांडीवरून दुसरीवर गेला की चोच उघडते.

विचारायचं ते असं: आजारी पक्ष्याला ३० अंशांची ऊब द्या, असं सगळीकडे वाचतोय. एप्रिलचा शेवट आहे आणि खोलीतच ३३ आहे, तरी बल्ब लावायचा का? पिंजरा झाकू का? पाण्यात काही घालू का? आणि १४ दिवसांनी हेच परत होऊ नये म्हणून काय करता येईल?

---

पेठेतला_पिंजरा

पिंजरा काळ्या कापडाने पूर्ण झाकून ठेवा, संध्याकाळपर्यंत उघडूच नका. अंधारात फिंच हालत नाही, थकवाही लवकर जातो. ग्लुकोजचं पाणी करून ड्रॉपरने चोचीत दोन-दोन थेंब सोडा. शेपटीची काळजी नको, ती येते.

---

राळ्याचं_कणीस

शेपटीबद्दल वरच्या प्रतिसादाशी सहमत. बाकी दोन गोष्टी मात्र कृपया करू नका.

आधी झाकण्याबद्दल. अंधारात फिंच शांत बसतो हे खरं, पण तो खातही नाही, आणि या पक्ष्याचं सगळं गणित खाण्यावर चालतं. झेब्रा फिंच जेमतेम १२ ते १५ ग्रॅमचा. शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, काळीज सतत धडधडतं, आणि साठवून ठेवायला चरबी जवळपास नाहीच. रात्रीचा अकरा-बारा तासांचा उपास तो निभावतो कारण संध्याकाळी अन्नपिशवी भरून झोपतो. पकडापकडीत त्याने ताकद आधीच खर्च केलेली असते. त्यावर दुपारभर अंधार केलात तर तो भीतीने जाणार नाही, उपाशी राहून रात्री जाईल. 'पकडल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मेलेला सापडला' अशा बऱ्याच प्रकरणांत मधली संध्याकाळ रिकाम्या पोटी गेलेली असते.

म्हणून झाकायचं ते तीन बाजूंनी. मागची बाजू आणि दोन कडा पातळ सुती कापडाने, जुन्या पंच्याने किंवा ओढणीने झाका. पुढची बाजू आणि वरचा भाग मोकळा. आतला दाणा स्पष्ट दिसेल एवढा उजेड हवा, आणि माणसांचं येणंजाणं ज्या बाजूने आहे ती बाजू झाकलेली हवी.

आता ड्रॉपर. घाबरलेल्या, धापा टाकणाऱ्या पक्ष्याच्या चोचीत पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जातं. तिचं तोंड जिभेच्या मागेच, उघडं असतं. एवढ्याशा पक्ष्याला एक थेंबही पुरतो. शिवाय थेंब पाजायला परत पकडावं लागेल, म्हणजे ज्या त्रासावर उपाय करतोय तोच त्रास परत द्यायचा. ग्लुकोज द्यायचंच असेल तर २०० मिली पाण्यात एक सपाट चमचा, वेगळ्या वाटीत, साध्या पाण्याच्या शेजारी. साधी पावडर घ्या, संत्र्याच्या स्वादाची नको. या उन्हात तीन-चार तासांत ते पाणी आंबायला लागतं, तेव्हा फेकून वाटी घासा. माझ्या मते त्याची फारशी गरज नाही. झेब्रा फिंच मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला, कमी पाण्यावरही निभावतो. ताकद त्याला दाण्यातून मिळते.

तेव्हा आत्ता दाणा त्यांच्यापर्यंत न्या. राळ्याची दोन कणसं घ्या. एक झेब्रा मादी बसलीये त्या खालच्या दांडीला अगदी लागून क्लिपने अडकवा, दुसरं गोल्डियन मादीच्या कोपऱ्यात. कणीस मिळालं नाही तर कांगणीची उथळ बशी तळाला, दांडीखाली. घाबरलेला फिंच पिंजरा ओलांडून खायला जात नाही. बशी ठेवताना हात सावकाश आत, सावकाश बाहेर, आणि मग तिथून निघून जा. पक्षी सावरतोय का हे दर पाच मिनिटांनी वाकून बघणाऱ्यांमुळेच तो सावरत नाही.

पकडल्यापासून साधारण तीन मिनिटांत रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन, म्हणजे ताणाचं संप्रेरक, चढायला लागतं. सोडल्यावरही ते लगेच उतरत नाही, तासाच्या वर जातो. त्या काळात नवा धक्का बसला की उतरणं तिथेच थांबतं. म्हणून आज ट्रे साफ करू नका, दांड्या हलवू नका, नवीन काही लावू नका. मिक्सर, कुकर, टीव्ही दुसऱ्या खोलीत.

जोड्या वेगळ्या करू नका. जोडीदार दूर गेला की झेब्रा फिंचचं हेच संप्रेरक वाढतं आणि परत भेट झाली की उतरतं, हे मोजून पाहिलेलं आहे. आजारी म्हणून एकट्याला काढून ठेवणं ही फिंचला वेगळी शिक्षा होते. वेगळं ठेवायचीच वेळ आली तर जोडी मिळून ठेवा.

---

धनकवडी_पक्षीघर

वर जे लिहिलंय ते बरोबर. मी उष्णतेबद्दल लिहितो, कारण पुण्यात या महिन्यात तिथेच गडबड होते.

३० अंशांचा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी किंवा आपल्या डिसेंबर-जानेवारीसाठी बरोबर आहे. पुण्यात तेव्हा रात्री १०-१२ अंशांवर उतरतात, आणि त्या वेळी फुगून बसलेल्या पक्ष्याला ऊब दिल्याशिवाय तो सावरत नाही. तुमच्या खोलीत ३३ आहे. बल्ब अजिबात नको. उलट २७ ते ३० पर्यंत खाली आणायचं बघा. पिंजरा पश्चिमेच्या भिंतीपासून काढून घराच्या आतल्या खोलीत न्या, पण उचलून हलवताना एकदाच, हळू, चारही बाजूंनी झाकून, आणि जागेवर ठेवला की पुढचं कापड काढा. टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावा, म्हणजे हवा खेळेल पण पिंजऱ्यावर झोत येणार नाही. पिंजऱ्याच्या एकाच कडेला, बाहेरून, पिळलेलं ओलं कापड टांगा, दुसरी कडा कोरडी ठेवा. पक्षी आपली जागा स्वतः निवडतात. फवारा मारू नका आणि आंघोळीची वाटीही ठेवू नका. औषध कातडीतून आत जायचंय, दोन दिवस ते धुतलं जाऊ नये.

आता तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी.

पहिली म्हणजे झेब्रा मादी ३३ अंशांत पिसं फुगवून बसली आहे. पिसं फुगवणं हा थंडीवरचा उपाय. एवढ्या उकाड्यात निरोगी फिंच उलट पिसं अंगाला चापून बसतो आणि पंख खांद्यापासून जरा सुटे धरतो. उन्हाळ्यात फुगलेला पक्षी म्हणजे दमलेला किंवा आजारी, एवढं धरून चला. ती दाणा टिपतेय ही चांगली खूण आहे. तिच्यावर संध्याकाळपर्यंत लक्ष असू द्या. नखं कापलीत त्या बोटांकडे लांबून बघा. रक्त सुकलेलं दिसलं तर हात लावू नका. ओलं असेल तर मात्र थांबवावं लागेल, कारण १२ ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त एकूण एक मिलिलिटरच्या थोडं वर असतं, पाच-सहा थेंब गेले की जिवावर बेततं. कॉर्नफ्लोअर चिमटीत घेऊन नखाच्या टोकावर अर्धा मिनिट दाबलं की बहुतेक वेळा थांबतं.

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, गोल्डियन नराची. त्याला लागलेली धाप उकाड्याची नाही. उकाड्याने धापा टाकल्या तर चौघेही टाकतील, पंख सुटे धरतील, आणि जागा गार झाली की पंधरा-वीस मिनिटांत थांबतील. तुमच्याकडे एकटाच नर, बसल्या जागी प्रत्येक श्वासाला शेपटी हलवतोय. रात्रीची टिकटिक आहेच. श्वासनलिकेत माइट्स असलेल्या पक्ष्याला आधीच हवा कमी पडत असते, पकडल्यावर ती आणखी कमी पडते. औषधाने माइट्स मरायला लागले की काही दिवस श्वास जड राहू शकतो, कारण मेलेले माइट्स आणि चिकट स्राव तिथेच असतात. म्हणून 'घाबरलाय, होईल बरा' यावर त्याला सोडू नका. आत्ताच डॉक्टरांना फोन करून सांगा की डोस दोन तासांपूर्वी दिला आणि बसून शेपटी हलतेय. कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर फिंच बघतीलच असं नाही, ज्यांनी औषध दिलं त्यांनाच विचारा.

आणि या काळात घरात उदबत्ती, धूप, मच्छरची कॉइल किंवा लिक्विड, रूम फ्रेशनर यातलं काही नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याचा धूर धडधाकट पक्ष्यालाही मारतो. आज लोखंडी तव्यावर भागवा.

---

कर्वेनगरवासी

आभारी आहे. पिंजरा आतल्या खोलीत घेतला, आता तिथे २९ आहे. कणसं लावली. झेब्रा मादी कणसावर बसून खातेय, पिसं थोडी खाली आली आहेत. गोल्डियन मादीने अजून काही खाल्लेलं दिसलं नाही. डॉक्टरांशी बोललो. नर बसून चोच उघडायला लागला तर लगेच आणा, नाहीतर उद्या सकाळी दाखवा असं म्हणाले.

खातोय की नाही हे न वाकता कसं ओळखायचं? आणि किती वेळ वाट बघायची?

---

राळ्याचं_कणीस

ट्रेमध्ये पांढरा कोरा कागद घाला, गोल्डियन मादीच्या कोपऱ्याखाली. विष्ठेवरून कळतं. खाणाऱ्या फिंचची विष्ठा म्हणजे गडद घट्ट भाग आणि त्याला लागून पांढरा ठिपका, आणि ती वारंवार पडते. पकडल्यावर पहिल्या तासात विष्ठा पाणचट असली तर घाबरू नका. पण नंतर नुसता हिरवा चिकट ठिपका पडायला लागला की समजायचं, पोट रिकामं आहे आणि फक्त पित्त येतंय. तासाभराने लांबूनच कागद बघा, जोडीदाराच्या बाजूला किती पडली आणि तिच्या बाजूला किती, हा फरक पुरतो.

वेळेचं म्हणाल तर धाप ५ ते १० मिनिटांत थांबायला हवी आणि तासाभरात दाणा टिपायला हवा. तीन तास काही खाल्लं नाही, तळाला जाऊन बसला, डोळे मिटायला लागला किंवा तुम्ही जवळ गेल्यावरही दूर सरकला नाही, तर यातलं एकही लक्षण डॉक्टरकडे जायला पुरे. शेवटचं लोकांच्या लक्षात येत नाही. फिंच सहसा माणसाळत नाही. जवळ गेल्यावर स्वस्थ बसला म्हणजे त्याच्यात उडायचा जोर उरलेला नाही.

मानेजवळ किंवा छातीच्या कडेला कातडीखाली फुगा दिसतोय का तेही बघा. पकडताना दाब बसून हवेची पिशवी फाटली की हवा कातडीखाली साठते. फोडायला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

सावरल्याची खरी खूण म्हणजे पिसं साफ करणं. घाबरलेला पक्षीही भुकेपोटी खातो, पण चोचीने पिसं विंचरायला तो निवांत लागतो. झेब्रा नराचा सूर परत लागला की पिंजरा सावरला म्हणायला हरकत नाही. गोल्डियनला एखादा दिवस जास्त द्या, ती जातच नाजूक.

---

तारेवरची_चिमणी

दुसऱ्या डोसबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. १४ दिवस हातात आहेत. फिंचला सगळ्यात जास्त त्रास हातात धरल्याने होत नाही, पाठलागाने होतो. तुमचा पिंजरा तीन फुटी, त्यात चार पक्षी. एकाला पकडायला गेलात की चौघेही जिवाच्या आकांताने आपटतात. तेव्हा पाठलागच होणार नाही असं करायचं.

एक छोटा नेण्या-आणण्याचा पिंजरा घ्या, फूटभर लांबीचा, सरकत्या दाराचा. पक्षी सावरले की साधारण चौथ्या दिवसापासून तो मोठ्या पिंजऱ्याच्या दाराला दार लावून बाहेरून तारेने बांधा, दोन्ही दारं उघडी. मध्ये फट राहता कामा नये, दीड-दोन सेंटीमीटर फटीतून फिंच निघून जातो. राळ्याचं कणीस आणि उकडलेलं अंडं आता फक्त छोट्या पिंजऱ्यात मिळेल. रोजचा दाणा मोठ्या पिंजऱ्यात असूच द्या, उपाशी ठेवून आत बोलवायचं नाही. झेब्रा लवकर जातील, गोल्डियन बघत बसतील आणि मागून जातील. त्यांना आतबाहेर करायची सवय झाली की दार दोरीने लांबून बंद करून लगेच उघडायचा सराव करा.

डोसच्या दिवशी सकाळी सात-साडेसातला, पक्ष्यांनी तासभर खाऊन झालं की, दार ओढा. चारही एकदम येणार नाहीत. जोडी-जोडीने घ्या. सकाळ यासाठी की उकाडा नसतो आणि सावरून खायला सगळा दिवस मिळतो. संध्याकाळी पाचनंतर फिंचला हात लावू नये.

खोली अशी हवी जिथे पूर्ण अंधार करता येतो आणि पक्षी सुटला तरी लपायला जागा नाही. कोरडी बाथरूम उत्तम. कमोडचं झाकण बंद, बादल्या रिकाम्या, आरशावर टॉवेल, एक्झॉस्टच्या भोकाला पुठ्ठा. खोलीत कराल तर सीलिंग फॅन बंद आणि बटणावर चिकटपट्टी. सुटलेला पक्षी आणि चालू पंखा हे घराघरांतलं अपघाताचं नेहमीचं कारण आहे.

हात लावायच्या आधी सगळं ओळीने मांडा: औषध (थेंब किती ते डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच), कापूस, कॉर्नफ्लोअर, पक्षी परत ठेवायची जागा. छोट्या पिंजऱ्यातून पाण्याची वाटी आणि एक सोडून बाकी दांड्या काढा. दाराला जुन्या शर्टाची बाही बांधा, हात बाहीतून आत, म्हणजे दार उघडं असूनही पक्षी बाहेर येत नाही. मग दुसऱ्या माणसाने दिवा बंद करायचा. पक्षी कुठे बसलाय ते आधीच बघून ठेवलेलं असतं, अंधारात तो हालत नाही, हात अलगद पाठीवरून टेकवायचा.

पकड महत्त्वाची. पाठ तळहाताला, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये सैल, बाकी बोटं पंखांवरून नुसती पिंजऱ्यासारखी. छाती आणि पोटावर दाब शून्य. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे होतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. छाती धरून ठेवली तर नाक-चोच मोकळी असूनही तो गुदमरतो. अनेकजण निसटेल या भीतीने मूठ आवळतात. त्यापेक्षा निसटू द्या, अंधारात परत सापडेल. शेपटी किंवा एकटा पाय धरायचा नाही. शेपटी धरली की पिसं गळतात, शत्रूच्या तोंडात शेपटी सोडून पळायची त्यांची ती सोयच आहे. पाय धरला तर मोडतो.

दिवा लावा, मानेमागची पिसं फुंकर मारून बाजूला करा, उघड्या कातडीवर थेंब, सोडा. पिसांवर पडलेला थेंब वाया जातो आणि मग लोक दुसरा थेंब देतात, तो जास्त होतो. एका पक्ष्याला अर्ध्या मिनिटाच्या वर लागू नये. तीन मिनिटांचा हिशेब वर आलाय, त्याच्या आत सगळं उरकलं तर पक्षी पाच मिनिटांत दाण्यावर येतो.

क्रम: गोल्डियन नर पहिला. सगळ्यात अशक्त तो आधी, नाहीतर बाकीच्यांची धडपड बघूनच त्याचा श्वास संपतो. हातात असताना चोच उघडली, मान लुळी पडली किंवा डोळे मिटले तर औषध राहू द्या आणि ताबडतोब तळाला कापडावर ठेवून हात काढा. डोस दुसऱ्या दिवशी देता येतो.

नखं त्याच दिवशी कापू नका. एका वेळी एकच काम.

---

कर्वेनगरवासी

फार उपयोगी. तीन शंका. औषध पिण्याच्या पाण्यातून देता येईल का, म्हणजे पकडायलाच नको? नखं परत वाढू नयेत म्हणून काय? आणि झेब्रा जोडीच्या घरट्याच्या मडक्यात काही दिवसांपासून गवत जमतंय, त्याचं काय करू?

---

धनकवडी_पक्षीघर

कातडीवर द्यायचं औषध स्वतःच्या हिशेबाने पाण्यात घालू नका, ते धोक्याचं आहे. पाण्यातून द्यायची औषधं वेगळी असतात, त्यांचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि तुमच्या पिंजऱ्यात दोन जाती आहेत, प्रत्येक पक्षी किती पाणी पिईल याचा नेम नाही. जो आजारी आहे तो सगळ्यात कमी पितो, म्हणजे ज्याला हवं त्यालाच औषध पोचत नाही.

नखांचं मूळ दांड्यांत आहे. पिंजऱ्यासोबत येणाऱ्या गुळगुळीत प्लास्टिकच्या, एकाच जाडीच्या दांड्या काढून टाका. पेरूच्या किंवा कडुलिंबाच्या फांद्या, ८ ते १४ मिलिमीटर जाडीच्या, सालीसकट, फवारणी नसलेल्या झाडाच्या. धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. एक खडबडीत दांडी दाण्याच्या भांड्यासमोर लावा, तिथे पक्षी दिवसातून अनेकदा बसतो. सगळ्याच दांड्या खडबडीत नकोत, तळपाय सोलतात. बसवायचं काम मात्र आज-उद्या नाही, दुसऱ्या डोसनंतर आठवडाभराने, एकेक करत.

मडकं. ही मोठी गोष्ट आहे, बरं झालं विचारलंत. गवत जमतंय म्हणजे अंडी येण्याची शक्यता आहे. पोटात तयार अंडं असलेल्या मादीला हातात धरलं तर अंडं आत फुटू शकतं, आणि त्यातून मादी बहुधा वाचत नाही. झेब्रा मादी साधारण रोज एक असं चार-सहा अंडी घालते आणि १२ ते १४ दिवस उबवते, म्हणजे तुमची डोसची तारीख नेमकी त्यात सापडेल. आत डोकावून बघा. अंडं नसेल तर मडकं काढून घ्या आणि ट्रेमधलं गवतही काढा, पण उद्या-परवा, आज नाही. झोपायला त्यांना मडक्याची गरज नाही, दांडीवर झोपतात. अंडं असेलच तर मडक्याला हात लावू नका आणि मादीचा दुसरा डोस कधी द्यायचा हे डॉक्टरांना विचारा. मडक्यात झोपलेल्या पक्ष्याला तिथेच पकडायची युक्ती काहीजण सांगतात. ती करू नका, पक्षी ते घरटं सोडून देऊ शकतात.

गळलेल्या शेपटीचं: पीस मुळासकट निघालं असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांत पूर्ण येतं, मध्येच तुटलं असेल तर पुढच्या पीसगळतीपर्यंत थांबावं लागतं. पिसं येत असताना कवचासकट उकडलेलं अंडं कुस्करून जोडीला पाव चमचा रोज, आणि समुद्रफेस पिंजऱ्यात कायम. या उन्हात अंडं दोन तासांत काढून टाका. अर्धवट वाढलेल्या पिसात रक्त वाहतं असतं, ते मोडलं तर रक्त जातं. हाताळणी टाळायचं हे आणखी एक कारण.

---

पेठेतला_पिंजरा

ड्रॉपरचा मुद्दा पटला, श्वासनलिकेचं लक्षात घेतलं नव्हतं. एक सुचवतो. गोल्डियनच्या सोबतीला एखादी बंगाली फिंचची जोडी ठेवली तर? ते शांत असतात, त्यांना बघून बाकीचे स्थिरावतात.

---

तारेवरची_चिमणी

बंगाली फिंच स्वभावाने शांत, हे खरं. पण आत्ता नाही. माइट्सचा उपचार संपेपर्यंत या पिंजऱ्यात नवा पक्षी आणायचा नाही, आणि आणला तरी आधी ३०-४० दिवस वेगळ्या खोलीत. तीन फुटी पिंजऱ्यात सहा पक्षी म्हणजे दाटीही होते. दुकानात कुणी त्याच नावाखाली मुनिया देऊ केली तर घेऊ नका. लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया हे आपले रानातले पक्षी, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली ते पाळता-विकता येत नाहीत, आणि पिंजऱ्यात ते भीतीनेच झुरतात.

---

कर्वेनगरवासी

संध्याकाळचे सव्वासहा. गोल्डियन मादी कणसावर आली, कागदावर विष्ठा दिसतेय. झेब्रा मादी पिसं साफ करतेय. मडक्यात अंडं नाही. गोल्डियन नर खातोय, चोच बंद आहे, शेपटी अजून हलते. सकाळी नऊची वेळ घेतली आहे. रात्री आणि सकाळी नेताना काय बघू?

---

राळ्याचं_कणीस

आज दिवा नेहमीपेक्षा तासभर उशिरा बंद करा, आठ-साडेआठपर्यंत, म्हणजे नर भरपूर खाऊन झोपेल. दिवा एकदम घालवू नका. मोठा दिवा बंद, लहान दिवा वीस मिनिटं, मग शून्याचा बल्ब रात्रभर, पिंजऱ्यापासून दूर. पूर्ण अंधारात एखादा आवाज झाला की फिंच धडपडून उडतात आणि जाळीवर आपटतात, आजच्या दिवसानंतर तर नक्कीच. शून्याच्या उजेडात त्यांना दांडी परत सापडते. पाल आणि मांजर खोलीत येणार नाही असं दार-खिडकी बघा.

झोपलेल्या नराचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि पहाटे उजाडल्यावर बसलेल्या नराचा मिनिटभर व्हिडिओ काढा, शेपटी दिसेल असा बाजूने. दवाखान्यात पक्षी घाबरून श्वास बदलतो, तिथे डॉक्टरांना खरा श्वास दिसत नाही. कागदावरची विष्ठा आणि औषधाची बाटली सोबत घ्या.

सकाळी साडेसहा ते आठ खाऊ द्या. नेताना नर-मादी दोघांनाही, छोट्या पिंजऱ्यात किंवा भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. तळाला घडी घातलेला नॅपकिन, त्यावर मूठभर कांगणी पसरलेली. पाण्याची वाटी नको, रिक्षात सांडून पक्षी भिजतो. काकडीची एक चकती ठेवा. दांडी एकच, तळापासून दोन-तीन सेंटीमीटरवर. उद्या पकडावंच लागेल, तर वर लिहिल्याप्रमाणे अंधार करून, आधी नर. मोठ्या पिंजऱ्यात मध्ये पुठ्ठा सरकवून जागा फूटभर करून घ्या, म्हणजे पाठलाग होत नाही. एका प्रयत्नात हातात आला नाही तर दहा मिनिटं थांबा, त्याला दाणा टिपू द्या, मगच परत.

रिक्षात खोकं मांडीवर धरा, सीटवर नको. एसी गाडी असेल तर झोत बंद. परत आणल्यावर दोघांना एकदमच मोठ्या पिंजऱ्यात सोडा, खोक्याचं तोंड दाराला लावून, स्वतःहून बाहेर येऊ द्या.